जे पान मी वाचून दाखवलं नाही

स्टेम सेलचा उपचार करावा का, असं विचारणारे फोन मला अजूनही येतात. माझा नंबर त्यांना दवाखान्यातूनच मिळतो. "या ताईंशी बोला, त्यांच्या बहिणीला फरक पडला आहे," असं तिथे सांगतात. मी फोनवर नीट बोलू शकत नाही. समोरची आई रडायला लागली की माझं वाक्य अर्धवट राहतं. म्हणून हे लिहून ठेवते आहे.

आजार माझा नाही. माझ्या धाकट्या बहिणीला, सानूला, सेरेब्रल पाल्सी आहे. तिला बोलता येत नाही. तिच्या वतीने मी आधी एकदा बोलले आहे, आणि ते खरं नव्हतं. पुढचं वाचताना एवढं लक्षात असू द्या.

दवाखान्याचं आणि शहराचं नाव मी लिहिणार नाही. तिथे काय चुकलं त्यापेक्षा मी काय केलं ते मला सांगायचं आहे.

सी.पी.

आमचं गाव मारेगाव तालुक्यात. घरी थोडी शेती, आई गावातल्या अंगणवाडीची सेविका. मला मात्र बाबांनी वणीच्या इंग्रजी शाळेत घातलं होतं. आमच्याकडे अशा कुठल्याही शाळेला कॉन्व्हेंटच म्हणतात. रोज पिवळी बस घरासमोर थांबायची. गावातून त्या बसमध्ये चढणारी मी एकटीच.

सानू माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान. ती अकरा महिन्यांची झाली तरी मान धरत नव्हती. आई दर महिन्याला दुसऱ्यांच्या मुलांची वजनं घेऊन तक्त्यावर ठिपके मांडायची. तिला सगळ्यात आधी कळलं असणार. एका शनिवारी आम्ही सगळे यवतमाळला मोठ्या डॉक्टरांकडे गेलो. "डॉक्टर इंग्रजीत बोलला त समजाले पाहिजे," म्हणून बाबांनी मलाही घेतलं. मी पाचवीत होते.

डॉक्टर वाईट नव्हते. पण बाहेर रांग होती. त्यांनी सानूचे पाय वाकवून पाहिले, व्यायाम रोज करा, खंड पाडू नका, असं दोनदा सांगितलं आणि कागदावर इंग्रजीत काहीतरी लिहिलं. त्यातली फक्त 'सी.पी.' ही दोन अक्षरं मला वाचता आली.

एसटी स्टँडवर बाबांनी तो कागद माझ्यापुढे धरला. "स्नेहल, हे सी.पी. म्हंजे काय वं?"

मला माहीत नव्हतं. 'माहीत नाही' म्हणायला किती वेळ लागला असता? पण बाबा माझ्याकडे असे पाहत होते, की मी म्हणाले, "कमजोरी असते. मोठी झाली की जाते."

"पाह्य!" बाबा आईकडे वळले. "कॉन्व्हेंटची फी काय उगीच भरून राह्यलो मी?"

आई हसली. कित्येक दिवसांनी हसली होती. ते हसू मी आणलं याचा मला आनंद झाला. घरात इंग्रजी वाचणारी मी एकटी होते, आणि मला न कळलेलंही मी कळल्यासारखं सांगू शकते हे मला त्या दिवशी समजलं.

शेजारची

हे लिहायचं की नाही, यावर मी बरेच दिवस घालवले.

मी सातवीत असताना एका सकाळी सानू अंगणात बाजेवर होती. तिच्या तोंडातून लाळ गळत होती आणि बस पाहून ती दोन्ही हात ताणून ओरडत होती. आनंद झाला की ती तशीच ओरडते. खिडकीतून एका मुलीने विचारलं, "ती कोण गं?"

"शेजारची," मी म्हणाले.

आई दारातच उभी होती, माझा विसरलेला डबा घेऊन. तिने डबा माझ्या हातात दिला आणि आत गेली. दुसऱ्या दिवसापासून बसच्या वेळेला सानूची बाज आत असायची. माझी शाळा संपेपर्यंत, म्हणजे त्यानंतरची सगळी वर्षं, ती आतच राहिली.

ग्रेडर मॅडम

आता घरातली एक गोष्ट सांगते. पुढचं सगळं तिच्यावरच उभं आहे.

कापूस वेचून झाला की आमच्याकडे तो घरातच भरतात. भाव आज नाही तर उद्या येईल, म्हणून पुढच्या खोलीत छतापर्यंत ढीग लागतो. माणसं ओसरीवर झोपतात. त्या वर्षांमध्ये तो भाव काही लवकर येत नसे. कधी बोंडअळीने अर्धा कापूस किडका निघे, कधी खरेदी केंद्रच उघडत नसे, आणि उन्हाळा लागला तरी ढीग तसाच असायचा. अंगाला खाज सुटायची, पण सवय झाली होती.

सानू पाच वर्षांची असताना एकदा बाबांनी ढिगात हाताने खळगा केला, त्यात आईचं जुनं लुगडं अंथरलं आणि तिला आत बसवलं. कापूस पाठीला, बगलेला, मांड्यांना सगळीकडून धरून राहिला. बाजेवर दोन उशा लावूनही कलंडणारी सानू तिथे ताठ बसली. दोन्ही हात मोकळे. डाव्या हाताने तिने एक बोंड उचललं, चिमटीत धरलं आणि आमच्याकडे पाहिलं.

"ग्रेडर मॅडम बसल्या बाप्पा खुर्चीवर!" बाबा म्हणाले. खरेदी केंद्रावर जो माणूस कापसात हात घालून प्रत ठरवतो आणि मनात आलं तर गाडी परत पाठवतो, तो ग्रेडर. बाबा मूठभर कापूस तिच्यापुढे धरायचे. "सांगा मॅडम, ओला हाये का सुका?"

सानू तो उधळून द्यायची.

"नापास! पुन्हा नापास! काय करा आता या मॅडमले?"

दर हंगामात, ढीग असेपर्यंत, ती तासतासभर अशी बसायची. शेजारची शांताकाकू म्हणायची, "तुमचा कापूस काहून विकत नाई ते समजलं. पोरीनं खुर्ची केली त्याची."

आई, तुला काय कळतं

फवारणीच्या विषबाधेने आमच्या जिल्ह्यातले दवाखाने भरले होते, त्याच्या पुढच्या वर्षीची गोष्ट. मी बारावीची परीक्षा दिली होती. बाबांच्या मोबाइलवर कुणीतरी एक व्हिडिओ पाठवला. त्यात सानूसारखाच एक मुलगा आधी पडून होता आणि नंतर चालत होता. 'स्टेम सेल' हा शब्द घरात आला.

मी इंटरनेटवर शोधलं. दवाखान्याची पानं सापडली, तशी दुसरीही सापडली. या आजारावर हा उपचार उपयोगी आहे असं अजून सिद्ध झालेलं नाही, तो प्रयोगाच्याच पातळीवर आहे, असं त्यांत स्वच्छ लिहिलं होतं. ती मी दोन-चार ओळी वाचून बंद केली.

आईला मात्र पटत नव्हतं. "व्यायाम चालू हाये तिचा. मान धराले लागली. कंबरेच्या हाडातून काहीतरी काढतात अन् पाठीत टोचतात म्हणे. लेकराले कायले एवढं?"

"आई, तुला काय कळतं त्यातलं?" मी म्हणाले. "सगळं इंग्रजीत आहे."

मी आयुष्यात फार कमी वेळा आवाज चढवला आहे. त्यातली ही एक.

एप्रिलमध्ये उपचाराच्या खर्चासाठी बाबांनी भावाची वाट न पाहता कापूस विकला. माणसं गाठोडी बांधून गाडीत टाकत होती तेव्हा सानू बाजेवरून पाहत होती. संध्याकाळी खोली रिकामी झाली. लुगडं घडी करून खुंटीवर टांगलेलं होतं. सानूने त्याच्याकडे पाहिलं, मग जमिनीकडे, मग माझ्याकडे. ती रागावली की खालचा ओठ आत ओढते. तसा तिने ओढला.

सही

दवाखाना स्वच्छ होता. आमच्यासारखी कितीतरी घरं तिथे होती, प्रत्येकाच्या कडेवर, कडेवर घ्यायचं वय उलटून गेलेलं मूल. सकाळी ताप बघायचे, मग व्यायाम, दुपारी तपासण्या, चार वाजता पुन्हा व्यायाम. व्यायाम घेणाऱ्या मॅडम तरुण होत्या. त्या सानूला कोपरांवर भार द्यायला लावायच्या आणि तिने तोंड वाकडं केलं की स्वतःही तसंच करायच्या. आईला त्या सगळं हातात हात धरून शिकवत. एकदा त्या हळूच म्हणाल्या, "हे घरीही होतं हं. याला इथे यावं लागत नाही." आईने मान हलवली. मी ते ऐकलं आणि ऐकलं नाही असं केलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी समुपदेशक बाईंनी कागद पुढे ठेवले. बरीच पानं होती, सगळी इंग्रजीत.

"ताई इंग्लिश मीडियमच्या आहेत ना? मग प्रश्नच मिटला. तुम्हीच वाचून सांगा आई-बाबांना. मला पाचच्या आत यादी द्यायची आहे."

मी वाचायला लागले. तिसऱ्या पानाच्या मध्यावर लिहिलं होतं: हा उपचार प्रायोगिक आहे. यातून फायदा होईल अशी कोणतीही खात्री दिली जात नाही. रुग्णामध्ये काहीही बदल न होण्याची शक्यता आहे.

एकही शब्द अवघड नव्हता.

"काय लिवलं हाये?" बाबांनी विचारलं. त्यांनी प्रवासासाठी नवा शर्ट शिवला होता. त्याची कॉलर अजून ताठ होती.

"नेहमीचंच, बाबा. ऑपरेशनच्या आधी सगळीकडे लिहून घेतात तसं."

"भेवाचं नाई ना काही?"

"नाही."

आईने पानं बोटाने मोजल्यासारखी चाळली. "एवढी पानं, अन् नेहमीचंच?"

"इंग्रजीत लांबण लावतात, आई."

आईने पदराला हात पुसले आणि सही केली. ती रोज अंगणवाडीच्या रजिस्टरवर करते तशी, गोल आणि सरळ. मग बाबांनी केली. खाली आणखी एक ओळ होती: वरील सर्व मजकूर मी पालकांना त्यांच्या भाषेत समजावून सांगितला आहे. तिच्यापुढची सही माझी. मला अठरा पूर्ण होऊन दोन महिने झाले होते. सज्ञान झाल्यावरची माझी ती पहिलीच सही.

मी असं का केलं, हे स्वतःला पुष्कळदा विचारलं आहे. घरची खोली रिकामी झाली होती. बाबांनी 'मंग परत जाऊ का?' असं विचारलं असतं तर मला उत्तर द्यावं लागलं असतं. हे खरं आहे, पण पुरतं खरं नाही. मला चालणारी बहीण हवी होती. 'शेजारची' म्हणावं लागणार नाही अशी.

पाठ

सानूला सगळं कळतं. ज्या सकाळी तिला आत नेलं त्या सकाळी तिने माझं बोट सोडलं नव्हतं. मी तिला सांगितलं, "डॉक्टरकाका फक्त पाहणार आहेत. टोचणार नाहीत."

ती बाहेर आली तेव्हा कंबरेवर आणि पाठीवर पट्ट्या होत्या. पुढचे दोन दिवस तिला उलट्या झाल्या, डोकं उचलू देईना. आई तिच्या कपाळावर ओला रुमाल ठेवून बसायची. तिसऱ्या दिवशी ताप आला आणि बाबा जिन्यात उभे राहून रडले. मी त्यांना पाहिलं, त्यांनी मला पाहिलं, आणि आम्ही दोघंही चहा आणायला गेलो.

ताप उतरला. पण मी जवळ गेले की सानू डोळे मिटून घ्यायची. आई आली की उघडायची. आई म्हणाली, "थकली हाये." मला माहीत होतं की ती थकलेली नव्हती.

लोड

घरी जायच्या आदल्या दिवशी व्हिडिओ काढायचा होता. पहिला भाग आम्ही आलो त्याच दिवशी काढून झाला होता: उघड्या बाकावर बसवलेली सानू, हात सोडताच कलंडणारी. आता तिला गादीवर बसवलं. पाठीमागे गोल लोड लावला. सानू बसली. मोबाइल धरणाऱ्या माणसाने कोन असा घेतला की लोड दिसत नव्हता. त्याने मुद्दाम केलं की नाही, मी सांगू शकत नाही. मी लोडाच्या बाजूलाच उभी होते, मला तो दिसत होता.

"आता ताई बोलतील," समुपदेशक बाई म्हणाल्या. "घाबरू नका. घरच्यांशी बोलता तसं बोला."

मी आधी मराठीत आणि मग इंग्रजीत बोलले. "माझी बहीण आधी बसू शकत नव्हती. आता ती बसते. आम्ही सगळे फार आनंदात आहोत."

"किती छान बोलता तुम्ही!" बाई म्हणाल्या. "इतक्या गोड आवाजात कुणी बोललंच नव्हतं आमच्याकडे."

शाळेच्या बारा वर्षांत मला कुणी असं म्हणालं नव्हतं. मी वर्गात हात वर न करणारी मुलगी होते. मला लाज वाटायला हवी होती. मला बरं वाटलं. परतीच्या रेल्वेत मी तो व्हिडिओ तीन वेळा पाहिला, आणि तिन्ही वेळा स्वतःलाच पाहिलं.

पाहायला येणारे

मोठ्या दवाखान्यातून कुणी परतलं की आमच्याकडे अख्खं गाव पाहायला येतं. कुणी बिस्किटचा पुडा आणतं, कुणी संत्री. सानूच्या बाजेभोवती बायका बसायच्या आणि सगळ्यांचा एकच प्रश्न.

"फरक हाये का वं?"

"हाये ना," आई म्हणायची. "फरक हाये."

एवढ्या लांब जाऊन आल्यावर दुसरं काही सांगायची रीतच नाही. ऐकणाऱ्यांनाही तेच ऐकायचं असतं. फक्त शांताकाकूने सानूकडे बराच वेळ पाहून म्हटलं, "मले त होती तशीच दिसते बाप्पा."

"काकू, आधी तुमचा चष्मा बदला," आई म्हणाली. सगळ्या हसल्या. आई चहा ठेवायला आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

त्या पावसाळ्यात सानू कुठेच बसली नाही. घरात कापूस नव्हता.

राळेगावचे पाहुणे

डिसेंबरमध्ये खोली पुन्हा भरली. एका रविवारी राळेगावकडचे एक शेतकरी आले, दिलीपभाऊ, आणि त्यांची बायको. तिच्या खांद्यावर चार वर्षांची मुलगी, परी. हनुवटीखाली लाळ टिपायला टॉवेलची घडी होती. ती घडी पाहिली आणि मला सगळं समजलं.

"फोनवर बोललो असतो," दिलीपभाऊ म्हणाले, "पण म्हटलं डोळ्यानं पाहून घेऊ. बैल घ्याचा त माणूस दात पाहून घेते. हे त लेकरू हाये."

त्यांनी मोबाइल काढला आणि व्हिडिओ लावला. आमच्याच ओसरीवर माझा आवाज आला: आता ती बसते.

"ह्याच ताई ना तुमी?"

मी मान हलवली.

"या, दाखवतो," बाबा उठले. त्यांनी ढिगात खळगा केला, लुगडं अंथरलं आणि सानूला बसवलं. सानू ताठ बसली. डाव्या हाताने बोंड उचललं आणि उधळलं.

"बसली वं माय!" परीच्या आईने तोंडाला पदर लावला. "कशी मस्त बसली!"

"फरक हाये, भाऊ," बाबा म्हणाले. त्यांचा चेहरा उजळला होता. ते खोटं बोलत नव्हते. आठ महिने कापूस नव्हता, आठ महिने सानू बसली नव्हती, आणि त्याआधीची तीन वर्षं ते खरोखर विसरले होते. विसरायचं त्यांनी ठरवलं असेल, तर तेही मीच त्यांना शिकवलं होतं.

"मंग पक्कं," दिलीपभाऊ बायकोला म्हणाले. "या आठवड्यात कापूस देऊन टाकतो. भावाचं पाहत बसलो त पोरगी मोठी होऊन जाईन."

परी आईच्या खांद्यावरून सानूकडे पाहत होती. आई चुलीच्या खोलीच्या दारात उभी होती, हातात चहाची चाळणी. ती सानूकडे पाहत नव्हती. माझ्याकडे पाहत होती. मी डबा विसरले त्या सकाळीही ती अशीच दारात उभी होती.

मी म्हणाले, "ती आधीपण अशीच बसायची."

माझा आवाज इतका हळू होता की दिलीपभाऊंनी विचारलं, "काय म्हटलं, ताई?"

"कापसात ती आधीपासून बसते. दवाखान्यात न्यायच्या तीन वर्षं आधीपासून. व्हिडिओत तिच्या मागे लोड आहे. तो दिसत नाही."

"स्नेहल," बाबा म्हणाले, "काय बोलून राह्यली तू?"

मी कपाटातून फाइल आणली. तिसरं पान काढलं आणि वाचलं. एक वाक्य इंग्रजीत, मग तेच मराठीत. मग पुढचं. खात्री नाही. बदल न होण्याची शक्यता आहे. शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं, माझ्या सहीसकट.

सानूने कापूस उधळला.

"हे तवा होतं लिवलेलं?" बाबांनी विचारलं.

"हो."

"तुले वाचता आलतं?"

मला कळलं की ते मला वाट करून देत आहेत. 'नाही आलं, बाबा' एवढंच म्हणायचं होतं. पाचवीपासून मी जे कधी म्हणाले नाही, ते आता म्हटलं असतं तर त्यांनी मला माफ केलं असतं.

"वाचता आलं होतं, बाबा."

त्यांनी चपला घातल्या आणि शेताकडे गेले.

दिलीपभाऊ खाली मान घालून बसले. त्यांची बायको मात्र माझ्यावर भडकली, आणि तिचं बरोबर होतं. "मंग व्हिडिओत काहून म्हटलं तसं? आमी चार महिने झाले तो लावून लावून पाहून राह्यलो! झोपताना पाह्यतो!"

आईने चाळणी खाली ठेवली, पुढे आली आणि सानूच्या शेजारी ढिगात दुसरा खळगा करायला लागली. "द्या तिले इकडे," ती परीच्या आईला म्हणाली. "टॉवेल टाका खाली. असं. कमरेले दाबून बसवा, घाबरू नका."

परी घाबरली, मग थांबली. कापसाने तिला धरलं होतं. आईने तिची कोपरं कशी टेकवायची ते दाखवलं, त्या व्यायामाच्या मॅडमनी शिकवलं होतं तसं. "हे रोज करा. हे मले करता येते, तुमाले बी येईन."

सानूने हात लांब केला. मूठभर कापूस परीच्या डोक्यावर टाकला.

त्यानंतर

ते लोक गेले. पुढे त्यांनी उपचार केला की नाही, मला माहीत नाही. नंबर माझ्याकडे आहे. विचारायचं धाडस होत नाही.

त्या संध्याकाळी मी आईला म्हणाले, "मी तुला फसवलं."

"मले तवाच वाटलं होतं," आई म्हणाली. "एवढी पानं नेहमीची नसतात."

"मग सही का केलीस?"

ती तांदूळ निवडत होती. हात थांबला नाही. "तू वाचून राह्यली होती म्हणून."

बाबा आठ दिवस माझ्याशी बोलले नाहीत. नवव्या दिवशी बँकेचं एक पत्र घेऊन आले. माझ्यापुढे ठेवलं आणि म्हणाले, "वाच. सगळं वाच." आज मी तेवीस वर्षांची आहे, यवतमाळला नोकरी करते, आणि घरी गेले की ते अजूनही तेच म्हणतात. सगळं वाच. रागाने म्हणत नाहीत. पण आधी नुसतं 'वाच' म्हणायचे.

सानू तेरा वर्षांची झाली. मारेगावच्या सुताराकडून आम्ही तिच्यासाठी कोपऱ्यात बसणारी लाकडी खुर्ची करून घेतली. बाबांनी मापं कापसातल्या खळग्याची दिली. आईने व्यायामात एक दिवस खंड पाडलेला नाही. सानू हळूहळू पुष्कळ शिकली आहे. स्टेम सेलने काही केलं का, मी सांगू शकत नाही. केलं असेल तर मला दिसलं नाही. दुखलं मात्र तिला खूप, ते मी पाहिलं.

ज्यांच्या घरी असं मूल आहे त्यांना मी उपचार करू नका असं सांगणार नाही, तेवढा माझा अधिकार नाही. एवढंच सांगते की कागद मराठीत मागा. घरातल्या शिकलेल्या मुलीला वाचायला लावू नका. तिला तुमच्याकडे पाहून वाचावं लागतं. आणि पाहायला जाल तेव्हा मूल आधी काय करत होतं ते त्याच्या आईला एकटीला विचारा.

व्हिडिओ काढून टाका, असं मी दवाखान्याला दोनदा लिहिलं. उत्तर आलं नाही. तो अजून फिरतो आहे. तुमच्यापर्यंत आला तर निळ्या कुर्त्यातली, जरा लाजत बोलणारी मुलगी मी आहे. आणि गादीवरची ती मुलगी माझी सख्खी बहीण आहे. तिच्या पाठीमागे लोड आहे.